दोन मातींची दोन फुलं: करुणेवरचं अमूर्त भिंतचित्र पहिल्यांदा करताना

आईला ॲडमिट केलं होतं तेव्हा बेळगावातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात मी सलग अकरा रात्री काढल्या. समोर पांढरी भिंत, तिच्यावर मागच्या वर्षीचं कॅलेंडर, खाली स्टीलची बाकं. चौथ्या रात्री शेजारच्या बाकावरच्या बाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. मी काही बोलायच्या आत त्यांनी फडकं सोडलं, जोंधळ्याची भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. वर शेंगदाण्याची चटणी. त्या बैलहोंगलकडच्या. त्यांचा नवरा आत होता, माझी आई आत होती. त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझं कन्नड बाजारापुरतं. पुढं काही बोलणं झालं नाही.

आई बरी होऊन घरी आली. ती अर्धी भाकरी मात्र डोक्यातून जाईना. मला ती भिंतीवर लावायची होती. भाकरीचं चित्र काढलं तर ते भाकरीचंच झालं. हात काढले तर एखाद्या संस्थेच्या पत्रकावरच्या हातांसारखे दिसू लागले. बऱ्याच कागदांनंतर शेवटी दोन फुलं उरली, एक दुसऱ्याकडं झुकलेलं. त्या वाटेवर जे कळलं ते नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. चित्रकलेची परीक्षा दिलेली असायची गरज नाही. मीही दिलेली नाही.

हुबेहूब नाही म्हणजे काय

आपल्या भागात चित्र म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुणासारखं दिसतंय?" त्याला कारणही आहे. के. बी. कुलकर्णींसारखे व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं करणारे मोठे चित्रकार बेळगावात होऊन गेले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. ती नजर आपल्याकडं मुरलेली आहे आणि ती चांगलीच आहे. पण अमूर्त चित्रात फुलासारखं दिसणं हे काम नसतं. फुलाकडून फक्त चार गोष्टी उसन्या घ्यायच्या: ते कुठं झुकतं, त्याची कड कशी आहे, त्याच्या मधली पोकळी केवढी आहे आणि ते उघडतं आहे की मिटतं आहे. देठ, पान, पाकळ्यांची संख्या विसरून गेलात तरी चालेल.

हे काही आजचं नाही. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या चित्रकर्तीनं १९०७ साली तीन मीटरांहून उंच अशी दहा चित्रं केली. त्यांत पाकळ्या, वेटोळी आणि बीजांसारखे आकार माणसाच्या आयुष्याच्या अवस्था सांगतात. फूल ओळखू येतं आणि येतही नाही. आपल्याला एवढं मोठं करायचं नाही. दोन फूट बाय तीन फूट पुष्कळ झालं.

आधी एक प्रसंग, मग विचार

बहुतेक जण इथंच चुकतात. "मला करुणेवर चित्र करायचं आहे" असं ठरवलं की हाताला कमळ, ज्योत, कबुतर आणि वर सुलेखनात लिहिलेलं "करुणा" सुचतं. मीही पहिल्यांदा तेच केलं. ते चित्र चांगलं दिसायचं, पण त्याच्यासमोर कुणी थांबायचं नाही.

म्हणून एक प्रसंग घ्या. तुमच्यावर कुणी केलेल्या दयेचा, किंवा तुम्ही पाहिलेल्या. महापुरात शेजाऱ्यानं गोठ्यातली गुरं सोडली, एसटीत कुणी सुट्टे पैसे भरले, परीक्षेच्या दिवशी बाईंनी स्वतःचं पेन दिलं. वहीत पाच ओळी लिहा. मग त्या प्रसंगाची हालचाल एका क्रियापदात पकडा: मोडून देणं, झुकणं, सावली धरणं, थांबणं, ओझं उचलणं. माझं क्रियापद "मोडून देणं" होतं. चित्र या क्रियापदाचं करायचं.

विचार लागतो तो यानंतर, क्रियापदाला खोली देण्यासाठी. आपल्या भूमीत त्याला तोटा नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी दयेला धर्माचं मूळ म्हटलं, आणि तेही सगळ्या प्राणिमात्रांवरच्या दयेला. बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा असे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या चार उदात्त अवस्था, सांगितल्या आहेत. हेच चार शब्द पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादातल्या तेहेतिसाव्या सूत्रात येतात: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. बोलताना आपण उपेक्षा म्हणजे हेळसांड समजतो. इथं तो अर्थ नाही, मन न ढळू देणं असा आहे. चित्रात मोकळी जागा सोडायला हात धजत नाही तेव्हा हा शब्द मला फार उपयोगी पडतो.

पण माझं चित्र उभं राहिलं ते एका जैन शब्दावर. अनुकंपा. सम्यक्त्वाच्या, म्हणजे खऱ्या श्रद्धेच्या, लक्षणांमध्ये तिची गणना होते. शब्द फोडून बघा: अनु म्हणजे मागोमाग, सोबत, आणि कंप म्हणजे थरथर. दुसऱ्याच्या थरथरण्यामागोमाग आपलंही थरथरणं. शब्दातच रेषा आहे. एक फूल कापतं आणि तो कंप हवेतून दुसऱ्या फुलाच्या कडेपर्यंत पोचतो. यात कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मदत करणारा उभा आणि घेणारा वाकलेला, हे चित्र आपोआप टळतं.

वेळ असेल तर बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन या. इसवी सन १२०४ च्या सुमाराची, रट्ट राजघराण्याच्या काळातली ही जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर. आत गेलात की मान वर करा. छतातून दगडी कमळ खाली लोंबतं, पाकळ्यांच्या आत पाकळ्या. मी तिथं खाली बसून तासभर फक्त पाकळ्यांमधला काळोख काढत होते. पाकळी दिसते ती त्या काळोखामुळं, हे मला त्या दिवशी उमजलं.

फूल कोणतं घ्यावं

गुलाब आणि कमळ पहिल्या चित्रात टाळा. त्यांना इतके अर्थ चिकटलेले आहेत की तुमच्या प्रसंगाला जागा उरत नाही. बांधावर, परड्यात, कुंपणावर बघा. तगर, अबोली, भोपळ्याचं फूल, कारवी. निपाणी भागातले असाल तर तंबाखूचं गुलाबी, कर्ण्यासारखं फूल. पान भरावं म्हणून शेंडा खुडतात, त्यामुळं ते फार जणांनी नीट पाहिलेलंच नसतं.

मी घेतलं रताळ्याचं फूल. बेळगावच्या पश्चिमेच्या गावांत रताळी भरपूर. वेलावर मधूनच ही फुलं दिसतात: फिकट जांभळी, नरसाळ्यासारखी, घशाशी गडद. पाच पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळं कड अखंड. ऊन चढलं की मिटतात. सकाळी लवकर गेलं तरच भेट होते.

फूल हातात घेऊन वीस चित्रं काढा. खरोखर वीस. पहिली पाच बघून काढा, नेहमीसारखी. पुढची पाच कागदाकडं न बघता, नजर फुलाच्या कडेवरून मुंगीसारखी फिरवत, पेन्सिल न उचलता. ती वेडीवाकडी येतील, पण तुमच्या हाताची रेषा त्यांतच सापडते. मग पाच चित्रं फक्त पोकळीची, म्हणजे फूल सोडून त्याच्या आतल्या आणि भोवतालच्या रिकाम्या आकाराची. शेवटची पाच फूल बाजूला ठेवून, आठवणीतून. आठवणीत जे उरतं तेच अमूर्त. माझ्याकडं शेवटी एक तिरका कर्णा, मधे काळा ठिपका आणि एका बाजूला दबलेली कड एवढंच राहिलं होतं.

आता पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर मांडणी करा. चौकटीत दोन आकार. मधोमध समोरासमोर ठेवले तर लग्नपत्रिका होते. एक खाली डावीकडं आणि मोठा, दुसरा वर उजवीकडं आणि लहान, अशी सुरुवात करून बघा. दोघांच्या मधलं अंतर हीच चित्रातली मुख्य जागा. ते इतकं ठेवायचं की नजर एका उडीत पलीकडं जाईल, पण उडी मारावी लागेल. दहा-बारा मांडण्या भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस येता-जाता बघा. जिच्याकडं पाय थांबतात ती घ्या.

रंग आणि माती

पहिल्या चित्रात मी बाजारातला किरमिजी लाल भरपूर वापरला होता. एका दवाखान्यानं ते प्रतीक्षा कक्षात लावायला घेतलं. आठवड्यानं मी बघायला गेले तर समोर बसलेल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, हे रगतावाणी दिसतंय गं." मी त्याच दिवशी चित्र उतरवून घरी आणलं. ज्या माणसाची काळजी आत टेबलावर आहे त्याच्या डोळ्यांपुढं मी रक्त टांगलं होतं. चित्र कुठं लागणार आणि तिथं बसणारं माणूस कोणत्या मनःस्थितीत असणार, हे रंग निवडण्याआधी विचारायला हवं. करुणेवरच्या चित्रानं निदान एवढी तरी करुणा पाळावी.

मग मला माती सुचली. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडं जाताना पायाखालचा रंगच बदलतो. खानापूर, जांबोटीकडं तांबडी माती. खानापूरचं कुंभारकाम आणि कौलं प्रसिद्ध आहेत ती याच मातीवर. बैलहोंगल, सौंदत्तीकडं गेलात की काळी रानं सुरू. माझं आजोळ खानापूरकडं आणि भाकरी देणाऱ्या बाई बैलहोंगलच्या. एक फूल तांबड्या मातीचं, एक काळ्या मातीचं. चित्र तिथंच ठरलं.

मातीचा रंग करणं अवघड नाही, वेळ मात्र लागतो. मालकाला विचारून, खोदलेल्या कडेची, खतपाणी न लागलेली दोन ओंजळी माती घ्या. उन्हात खडखडीत वाळवा, खलबत्त्यात कुटा, पिठाच्या चाळणीनं चाळा. मग बादलीभर पाण्यात ढवळा. अर्ध्या मिनिटात वाळू आणि खडे तळाशी बसतात. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाचं टाकून द्या. हे तीनदा करा. शेवटचं गढूळ पाणी रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली लोण्यासारखा थर दिसेल. पाणी अलगद काढा, थर ताटात पसरून वाळवा, पुन्हा कुटा आणि मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करा. हा तुमचा रंग.

ही पूड नुसत्या पाण्यात कालवली तर वाळल्यावर हाताला लागते. तिला धरून ठेवणारं काहीतरी हवं. ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे ॲक्रिलिक रंगातलं बिनरंगाचं चिकट, मिळालं तर उत्तम. दोन चमचे मातीला एक चमचा मीडियम घालून बोटानं घोटा आणि लागेल तसं पाणी घाला. मीडियम नसेल तर पांढरा फेव्हिकॉल निम्मं पाणी घालून चालतो, फक्त ओलीत तो मऊ पडतो, म्हणून वरून वार्निश चुकवू नका. एका तुकड्यावर लावून वाळू द्या आणि कोरड्या बोटानं चोळा. बोट रंगलं तर चिकट कमी, पृष्ठभाग काचेसारखा चकाकला तर जास्त.

काळ्या मातीचं वेगळं आहे. पाण्यानं ती फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात त्या याचमुळं. जाड लावलीत तर चित्रालाही तशाच भेगा पडतील आणि पोपडे निघतील. तिचे पातळ हात द्या, एकावर एक चार-पाच. मला स्वतःला त्या बारीक भेगा एका ठिकाणी हव्या होत्या, फुलाच्या घशाशी. तिथं मुद्दाम जाड लावली आणि भेगा पडल्यावर पातळ मीडियमनं जागीच धरून ठेवली.

तांबडी माती लोहामुळं तांबडी असते आणि तो रंग उन्हानं उडत नाही. हळद मात्र वापरू नका. दिसते फार सुंदर, पण उजेडात काही महिन्यांत फिकटते, आणि खाली चुन्याचा हात असेल तर पिवळ्याची लाल होते. हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर.

या दोन मातींसोबत एक पांढरा आणि एक थंड रंग पुरे. मी फिकट जांभळा घेतला, रताळ्याच्या फुलाचा, भरपूर पांढऱ्यात मोडलेला. चारांच्या वर गेलात की फुलं एकमेकांशी बोलायच्या ऐवजी ओरडायला लागतात.

फळी की कॅनव्हास

मातीचा थर आणि पोत द्यायचा असेल तर फळी घ्या. कॅनव्हास हलतो, त्यावरचं जाड काम तडकतं. सहा मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, दोन बाय तीन फुटांत कापून घ्या आणि सुताराकडून मागं लाकडी पट्ट्यांची चौकट मारून घ्या. बेळगावच्या पावसात एमडीएफ पाणी पितो आणि धनुष्य होतो. म्हणून पुढची, मागची आणि चारही कडा अशा सगळ्या बाजू बंद करायच्या. कडा तर दोनदा. मागच्या बाजूला लाकडी कामाचा प्राइमर चालतो. पुढं जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन पातळ हात, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका. हाताला कोरडं लागतं पण आत ओल असते. दसऱ्यानंतर सुरुवात करा, हवा चांगली मिळते.

पोत हवा असेल तिथं पांढऱ्या पुट्टीत फेव्हिकॉल मिसळून पीठ मळल्यासारखं करा आणि पत्र्याच्या पट्टीनं पसरा. ओलं असताना फणी फिरवली की पाकळीच्या शिरा उमटतात. कसुतीचं, म्हणजे आपल्याकडच्या पारंपरिक भरतकामाचं, काम जाणणाऱ्यांनी इथं आपला हात वापरावा. गवंती टाक्याची सरळ तुटक रेघ आणि मुर्गी टाक्याची नागमोडी पायरी, दोन्ही ओल्या पुट्टीत सुईनं फार सुंदर उतरतात. पुट्टी नाण्याच्या जाडीपलीकडं नको.

प्रत्यक्ष रंगवताना

फळी जमिनीवर आडवी ठेवा. उभ्या फळीवर मातीचं पाणी ओघळतं. पहिला हात सगळीकडं पातळ, पांढऱ्यात चिमूटभर तांबडी माती घालून, रुंद ब्रशानं. ब्रशाचे फराटे दिसले तर दिसू देत. हा वाळला की कोळशानं दोन्ही आकारांची नुसती जागा धरा.

आधी मोठे आकार भरा. तांबडं फूल एका बैठकीत, काळं दुसऱ्या दिवशी. ब्रश टोकाशी न धरता मागं धरा, आणि मनगटाऐवजी खांदा हलवा. दारात मोठी रांगोळी काढताना अख्खा हात फिरतो, तसा. कडेला कुठं दाट, कुठं पुसट, कुठं मुळीच नाही असं ठेवा. सगळी कड सारखी झाली की आकार कापून चिकटवल्यासारखा दिसतो. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रंग चढवायला रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. तुम्हीही ओला रंग पट्टीनं खरवडून खालचा थर उघडा करून बघा. कधी कधी लावण्यापेक्षा काढण्यानं जास्त साधतं.

आता त्या कंपाच्या रेषा. माझा बहुतेक वेळ इथं गेला आणि तुमचाही जाईल. लांब केसांचा बारीक लायनर ब्रश घ्या, रंग दुधाइतका पातळ करा. झुकलेल्या फुलाच्या कडेला समांतर पहिली रेषा काढा, मग थोडं अंतर सोडून दुसरी, आणखी अंतर सोडून तिसरी. विहिरीत खडा पडल्यावर तरंग जातात तशा त्या मधल्या मोकळ्या जागेतून पलीकडं जाऊ द्या. अंतर वाढत जावं आणि रंग फिकट होत जावा. रेषा ओढताना हात थरथरला तर थांबवू नका, ती थरथरच हवी आहे. पण मुद्दाम थरथरवू नका, ते लगेच कळतं. श्वास सोडता सोडता रेषा ओढली की ती आपोआप जिवंत येते.

शेवटची रेषा दुसऱ्या फुलाला जिथं लागते तिथं त्या फुलाची कड मोडा. ओल्या फडक्यानं थोडी पुसा, पट्टीनं खरवडा, किंवा तिथं दुसऱ्या फुलाची माती लावा. माझ्या चित्रात काळ्या फुलाची कड बोटभर मोडलेली आहे आणि त्या खाचेत तांबडी माती भरली आहे. तांबड्या फुलात तेवढ्याच मापाची काळी. भाकरी मोडली ती हीच जागा. बघणाऱ्याला भाकरीचं काहीच माहीत नसतं, तरी हात तिथंच जातो. घरी येणाऱ्या बहुतेकांनी त्या खाचेवरून बोट फिरवलं आहे.

मोकळ्या जागेत काही घालावंसं वाटेल. चार पाकळ्या उडताना, सोनेरी ठिपके, एखादं सुवचन. घालू नका. नाहीच राहवलं तर तेवढा कागद कापून वर नुसता ठेवून बघा आणि दुसऱ्या दिवशी ठरवा.

कुठं थांबायचं

चित्र उलटं करून बघा. आरशात बघा. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करा: दोन्ही फुलं एकाच करड्या रंगात मिसळली असतील तर एकाला गडद किंवा दुसऱ्याला फिकट करायला हवं. मग चित्र भिंतीकडं तोंड करून आठवडाभर ठेवा. परत वळवाल तेव्हा पहिल्या क्षणी नजर फुलावर जाते की दोन फुलांमधल्या जागेवर, ते बघा. मधल्या जागेवर गेली तर हात काढून घ्या.

वार्निश घाईनं नको. पातळ काम असेल तरी तीन-चार दिवस, पुट्टीचं जाड काम असेल तर दोन आठवडे वाळू द्या. मॅट वार्निश घ्या, चकचकीत वार्निशानं मातीचा मातीपणा जातो. कोरड्या, उन्हाच्या दिवशी लावा. दमट हवेत वार्निश दुधाळ पडतं. कोपऱ्यात थोडं लावून आधी बघायला विसरू नका, कारण मातीचा रंग वार्निशाखाली एक छटा गडद होतो.

भिंतीवर

आमच्या जुन्या घरात मी एक चित्र पश्चिमेच्या भिंतीवर लावलं होतं. दोन पावसाळ्यांत मागं काळी बुरशी आणि भिंतीला लोणा. बाहेरच्या बाजूनं पावसाचा मारा बसणारी भिंत नको, आतली भिंत निवडा. चित्राच्या मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे बटण चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते. चिऱ्याच्या भिंतीत नुसता खिळा ठोकला तर भुगा पडतो. ड्रिलनं भोक पाडून, प्लग बसवून स्क्रू आवळा, आणि दोन फुटांच्या वरच्या चित्राला दोन स्क्रू हवेत.

उंचीबद्दल एक सांगते. प्रदर्शनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर येईल असं टांगतात, कारण तिथं लोक उभे राहून बघतात. आपल्या सोप्यात माणसं सतरंजीवर, नाहीतर झोपाळ्यावर बसतात. आजारी माणूस तर आडवाच असतो. जो बघणार त्याच्या जागी स्वतः बसून, आडवं होऊन बघा आणि मग खूण करा. आईच्या खोलीतलं चित्र मी तिच्या उशीवर डोकं टेकून ठरवलं. इतरांना ते खाली वाटतं.

दवाखान्यात किंवा शाळेत द्यायचं असेल तर काच लावू नका, समोरच्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्यात दिसतो आणि चित्र दिसत नाही. नाव कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहा, लहान अक्षरांत, चित्राच्या बाजूला. चित्राच्या आत नको.

पहिलं झालं की चार ब्रह्मविहारांची चार लहान चित्रं एका ओळीत करून बघता येतील, मैत्रीला समोरासमोर उमललेली फुलं, मुदितेला वर उघडणारं एकच, उपेक्षेला जवळजवळ मोकळी फळी. पण ते नंतर. आधी एका प्रसंगाचं एकच चित्र पुरतं उतरू द्या.

आणि टांगण्याआधी मागच्या बाजूला लिहून ठेवा: तारीख, माती कुठल्या गावची, चिकट कोणतं वापरलं, वार्निश कोणतं आणि ज्यासाठी हे केलं तो प्रसंग. पुढं कधी डागडुजी करायची वेळ आली तर तीच माती पुन्हा शोधता येते. पेन्सिलनं लिहा. शाई ओलीत पसरते.